जिन्यावरचा धाकटा

रविवार, ४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, पाकीट फोडलं की निम्मं तरी वाचून होतं, आणि पाकीट न फोडता राहशील असा तू नाहीस. लहानपणी माझ्या नावाची पाकिटंसुद्धा तूच फोडायचास.

घाबरू नको, हे बोलावणं नाही. घरी सगळे बरे आहेत. मला एक वेड लागलंय आणि ते ऐकवायला घरात माणूस उरलेलं नाही, म्हणून लिहितेय. आई म्हणते, तुझं ऐकून माझे कान किटले. बाबा म्हणतात, हं.

झालं असं की घराला रंग दिला. वर घराला आणि खाली दुकानालाही. दुकान बंद असलं म्हणून भिंतींनी काय पाप केलंय, असं आईचं म्हणणं. रंगासाठी सगळे फोटो उतरवले आणि रंग वाळल्यावर आईने फर्मान काढलं, नव्या भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही. फोटो गेले बिस्किटांच्या डब्यांत. मी डबे उघडले ते नुसते पुसून ठेवायला, आणि तिथेच फतकल मारून बसले. बाबांनी त्या काळी किती फोटो काढलेत रे. आपण दोघं, आई, आणि दुकानातलं गिऱ्हाईक. चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर चढवल्यावर माणूस खिडकीबाहेर बघतो, नेमका तो क्षण त्यांनी टिपलाय. एक म्हातारे गृहस्थ तर समोरच्या झाडाकडे असे बघताहेत की झाड कालच उगवलंय.

हे सगळं डब्यात ठेवायचं? मला ते काही पटेना. खिळा नको ना, मग खिळ्याशिवाय लावते.

माझ्या ऑफिसात इमारतींचे नकाशे छापायचं मोठं यंत्र आहे, सतरंजीएवढा कागद सहज घेतं. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, शाई कमी वापर आणि मला सांगू नकोस. मग मी तुझा तो फोटो निवडला, नाकावर नंबर तपासायची गोल लोखंडी फ्रेम चढवलेला, तोंड आ वासलेलं, पुढचे दात पडलेले. एवढा मोठा केला की फोटो फुटतो. म्हटलं फुटायचाच आहे तर नीट फुटू दे, म्हणून मी त्याचे मुद्दाम ठिपके केले. जवळून बघितलं तर नुसते काळे ठिपके, लांबून बघितलं तर तू. छापला आणि त्याच्या आडव्या पट्ट्या कापल्या. आपल्या जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत हे तुला माहीत होतं का? मला इतकी वर्षं नव्हतं. प्रत्येक पायरीची उभी बाजू वेगळी मोजावी लागली. मग पिठाची खळ शिजवली आणि एकेक पट्टी एकेका पायरीच्या उभ्या बाजूला चिकटवली.

खाली दुकानात उभं राहून वर बघितलं, आणि धाकट्या, तू होतास. जिनाभर. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आईने बघितलं आणि म्हणाली, ‘‘पोराच्या तोंडावर पाय देऊन वर येऊ का मी?’’

‘‘अगं, पाय पायरीवर पडतो. तोंड उभ्या बाजूला आहे.’’

‘‘हातात चहा असताना मला हे समजावत बस.’’

पण आता ती जिन्याखाली आली की थांबते. का थांबलीस विचारलं तर म्हणते, गुडघा दुखतोय. वर चढायच्या आधीच बरा दुखतो.

आणि बाबा. बाबा जिना चढून वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘‘जिन्यात डाग कसले पडलेत?’’

डाग म्हणे. मला असा राग आला म्हणून सांगू. तुझा विषय निघाला की ते असेच करतात. तू गेलास त्या दिवसाचं सगळं मी जिन्यावर उभी राहून ऐकलं होतं. बनवलेले चष्मे परत येत होते, लोकांची डोकी दुखत होती. भिंगाच्या मध्यावर खूण करायचे बाबा, ते घासून फ्रेमीत बसवायचास तू, आणि चूक कोणाची यावरून तुम्ही दोघं महिनोन्‌महिने एकमेकांना खात होतात. शेवटी तू त्यांना खुर्चीत बसवून त्यांचेच डोळे तपासलेस. त्यांनी अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला आणि म्हणाले, ‘‘आता तुझे हात तपास.’’ हे वाक्य मलाही गिळता आलं नसतं. त्यावर तू म्हणालास, ‘‘माझ्याकडे बघून तरी बोला, कॅलेंडराशी काय बोलता?’’ ते कॅलेंडराकडेच बघत राहिले आणि तू बॅग उचललीस.

मी त्यात तेव्हा पडले नाही आणि आत्ताही पडत नाही. फक्त जिना कसा झालाय ते कळवायचं होतं.

तुझी थोरली

रविवार, १८ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, पण पाकीटही परत आलं नाही. म्हणजे वाचलंस. बस, मला तेवढं पुरे. इकडे कामाचा नुसता धडाका लावलाय मी.

आधी लाकूड. फोटो साध्या कागदावर छापायचा, फळीला पांढरा डिंक फासायचा, फोटो त्यावर पालथा चिकटवायचा. वाळला की ओल्या बोटांनी कागद चोळून चोळून काढायचा. कागद निघून जातो आणि फोटो लाकडात उतरतो, लाकडाच्या रेषा मागून दिसत राहतात. पहिला केला तो दुकानासमोर उभ्या असलेल्या आईचा. बोटांची सालं निघाली, पण फोटो असा उतरला की बघत राहावं. मग लक्षात आलं की पालथा चिकटवायचा तर आधी उलटा छापायला हवा होता. आता आईचा भांग उजवीकडे गेलाय आणि पाटीवर ‘चष्मेवाले’ वाचायचं तर आरसा आणावा लागतो. आई म्हणते, राहू दे, निदान वेगळी दिसते.

मग कापड. पातळ सुती कापड कागदावर चिकटवून नकाशाच्या यंत्रातून काढायचं. पहिल्यांदा आईचा फोटो छापत होते, तर ते मधेच गोळा होऊन अडकलं. मी ओढून काढलं, रुळांना लागलेली शाई पुसायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या नकाशात जिन्याच्या जागी आईचा कान उमटला. साहेब बराच वेळ बघत होते. म्हणाले, ‘‘या घरात भिंतींना खरंच कान आहेत.’’ दुसऱ्यांदा मात्र कापड सरळ निघालं. त्यावर तुझा कॉलेजातला फोटो आहे, दुकानात काउंटरमागे बसलेला. टांगायला खिडकीची जुनीच दांडी वापरली. बाबांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला जी खिडकी आहे ना, तिचा पडदा आता तू आहेस. ऊन आलं की तुझ्या कपाळातून येतं.

आणि आता खरी गंमत. पुठ्ठ्याचा बुटांचा खोका घेतला, एका बाजूला भोक पाडलं, त्यात नंबर तपासायच्या पेटीतलं एक जाड भिंग बसवलं आणि आत मोबाईल उभा केला. खोली अंधारी केली की मोबाईलमधला फोटो भिंतीवर, अख्ख्या भिंतीवर. पहिल्यांदा सगळे डोक्यावर उभे होते, कारण भिंग चित्र उलटं करतं. चष्मेवाल्याच्या मुलीला हे आधी सुचू नये म्हणजे कमाल आहे. मोबाईल उलटा ठेवला आणि सगळे पायांवर आले. आईने स्वतःचं तरुणपण भिंतभर बघितलं आणि पदर नीट केला. फोटोतला नाही, अंगावरचा.

योग्य भिंग मला सापडत नव्हतं, पेटीत ती सगळी मिसळून पडलीत. बाबा खुर्चीतूनच म्हणाले, इकडे आण. एकेक भिंग दोन बोटांत धरून अंगठ्याने चाचपलं आणि नंबर सांगत गेले. एकाही भिंगाकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, मुरलेला माणूस.

पण याच बाबांनी काल काय करावं? लाकडावरचा आईचा फोटो मी त्यांच्या अगदी समोर टेबलावर टेकवून ठेवला होता. त्यांनी सरळ त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘हा कोण? पाटीवाला का?’’ आई दुखावली. दिवसभर त्यांच्याशी तोलून मापून बोलत होती. आणि संध्याकाळी तेच बाबा समोरच्या दाराकडे तोंड करून बसलेले असताना, खिडकीकडे मान न वळवता म्हणाले, ‘‘त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं आहे. गिऱ्हाइकासमोर असं बसतात का?’’

मी पडद्याकडे बघितलं. बटण खरंच उघडं आहे. इतका निरखून छापला तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आई म्हणते, सोंग आहे. समोरची बायको ओळखू येत नाही आणि बाजूच्या पोराचं बटण बरं दिसतं. मी हो म्हटलं, पण मला काही ते सोंग वाटत नाही. तुझा पडदा लावल्यापासून ते खुर्ची सोडून उठेनासे झालेत, हेही तुला सांगून ठेवते.

तुझी थोरली

रविवार, ३ मार्च

धाकट्या,

बसून वाच. हे पत्र उभ्याने वाचायचं नाही.

त्या बटणाने माझी झोप उडवली होती. समोरचं दिसत नाही आणि बाजूचं दिसतं, असं झालं असेल तर त्या दिवशी बाबांनी तुझ्यासमोर तक्ता कसा वाचला? भाजी चिरता चिरता विळीवरचा माझा हात थांबला. धाकट्या, तो तक्ता त्यांनी वाचायची गरजच काय होती? आयुष्यभर रोज तेच लोकांकडून वाचून घेतलं त्यांनी. त्यांना काय, तुला पाठ आहे, मला पाठ आहे, आई अक्षर चुकलेल्या गिऱ्हाइकाला वरून सांगायची. आपण दोघं तो पाढ्यांसारखा म्हणायचो, आठवतं? ज्या घराने गावाचे डोळे तपासले त्या घराने घरच्या माणसाचे डोळे पाठ असलेल्या तक्त्यावर तपासले, आणि आपल्या तिघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग मी काय केलं ऐक. दुकानातल्या तक्त्याचा फोटो काढला आणि संगणकावर त्याचं एकेक अक्षर उचलून दुसरीकडे बसवलं. वाटतं तितकं सोपं नाही ते. अक्षर उचललं की तिथे पांढरं भगदाड पडतं, ते आजूबाजूच्या पिवळ्याने भरायचं, तर वरचा पिवळा वेगळा आणि खालचा वेगळा. कोपऱ्यातला ओलीचा डाग जसाच्या तसा ठेवला, टाचण्यांची भोकंसुद्धा. नकाशाच्या यंत्रावर छापून घेतला, चहाच्या पाण्यात कापूस बुडवून त्यावरून हलका हात फिरवला, आणि जुना काढून हा दिव्याच्या पेटीवर लावला. इतकं सफाईदार काम मी आजवर केलेलं नाही, आणि होतं सगळं खोटं.

आज सकाळी बाबांना म्हटलं, ‘‘चला, तुमचे डोळे तपासू. चष्मा जुना झालाय.’’

‘‘तपास,’’ म्हणाले. ‘‘तुझ्या भावानेही तपासले होते.’’

खाली दुकानात, त्याच खुर्चीत बसले. मी दिवा लावला. त्यांनी एका डोळ्यावर हात ठेवला आणि सुरू केलं. ठणठणीत आवाजात, एकही अक्षर न अडखळता, वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत. सगळा जुना तक्ता. मधे एकदा मला वाटलं त्यांना थांबवावं.

आई चहा घेऊन जिन्यात उभी होती. तिने तक्त्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा तक्त्याकडे. मग अगदी हळू म्हणाली, ‘‘अहो, तिथे तसं लिहिलेलं नाहीये.’’

डोळ्यावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

‘‘कधी बदललास?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘काल.’’

‘‘मला कळलंसुद्धा नाही,’’ म्हणाले. ‘‘म्हणजे छपाई चांगली झाली असणार.’’

मग सांगितलं त्यांनी. दोन्ही डोळ्यांना मधलं दिसत नाही. मधोमध कोणीतरी ओलं बोट फिरवून पुसून टाकल्यासारखं आहे, आणि कडेकडेने जग आहे तसं आहे. तू गेलास त्याच्या कितीतरी आधीपासून. आईने विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलं?’’ तर म्हणाले, ‘‘चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल?’’ आणि वर, ‘‘मला वाटलं, बोललो नाही तर नसेलच.’’

आईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती स्वतः लावली. मीच रडायला हवं होतं, रडलेही थोडी, पण खरं सांगू? मला आनंद झाला. वेड्यासारखा आनंद झाला. बायकोचा फोटो न ओळखणारा, जिन्यातल्या पोराला डाग म्हणणारा माणूस दगड नव्हता. त्याला दिसत नव्हतं. एवढंच होतं.

आणि भिंगावरच्या खुणा, त्यांचं काय, असं मी विचारलं. मध्य ज्याला दिसत नाही तो भिंगाच्या मध्यावर खूण कशी करणार? बाबांनी कप खाली ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं. ते उत्तर मी देऊ शकत नाही, धाकट्या. ते त्यांनीच द्यायला हवं, आणि तुलाच द्यायला हवं. तेवढ्यासाठी मी आता त्यांच्या मागे हात धुऊन लागणार आहे.

तुझी थोरली

मंगळवार, १२ मार्च

धाकट्या,

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बाई तरुण आहेत, पण बाबांना त्यांनी पाच मिनिटांत गप्प केलं. म्हणाल्या, मधलं गेलंय ते येणार नाही. जे उरलंय ते राखायचं, त्यासाठी इंजेक्शनं आहेत, ती चुकवायची नाहीत. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील. आईने हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

मग त्या बाबांना शिकवायला लागल्या की एखाद्याचा चेहरा बघायचा असेल तर सरळ त्याच्याकडे बघायचं नाही, थोडं बाजूला बघायचं. बाबा म्हणाले, ‘‘ते मी माझं मीच शिकलो. माणूस बघायचा असला की त्याच्या कानापलीकडे कुठेतरी बघतो मी. मग तो दिसतो.’’

मी खुर्चीतून उठलेच. बाई म्हणाल्या, काय झालं? काय सांगणार त्यांना?

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी बाबांना धरलं. ‘‘धाकटा गेला त्या दिवशी तुम्ही कॅलेंडराकडे का बघत होता?’’

‘‘कसलं कॅलेंडर,’’ म्हणाले. ‘‘त्याला बघत होतो.’’

मी विश्वास ठेवत नाहीये असं वाटलं असावं त्यांना, कारण पुढे आपणहून सांगितलं. ‘‘हनुवटीला कापलं होतं त्याने दाढी करताना. कागदाचा कपटा लावला होता त्यावर. बोलताना तो कपटा हलत होता. मला सांगावंसं वाटत होतं, अरे, तो काढ आता, रक्त थांबलंय.’’

मी त्या दिवशी जिन्यावर होते, मला तुझी पाठ दिसत होती. आई त्या वेळी दुकानात नव्हती. तुझ्या हनुवटीवर कपटा होता की नव्हता हे जगात फक्त तुला माहीत आहे. तूच ठरव त्यांनी तुला बघितलं की नाही.

मला घरी येईपर्यंत धीर नव्हता. एवढे दिवस मी फोटो भिंतीच्या सोयीने लावत होते, नाहीतर पडद्याच्या, नाहीतर पायऱ्यांच्या. आता नकाशा काढला, रीतसर, पट्टी आणि पेन्सिल घेऊन. मधे बाबांची खुर्ची. ते समोर दाराकडे बघताहेत असं धरलं तर कुठे पुसलेलं आहे आणि कुठून दिसायला लागतं, हे खडूने जमिनीवर आखलं. मी फोटो हातात धरून खेकड्यासारखी आडवी सरकत होते आणि ते म्हणत होते, नाही, नाही, अजून, थांब, आता आली. ‘आता आली’ म्हणजे आई. लाकडावरची, उजवीकडे भांग असलेली. ‘‘भांग चुकलाय हिचा,’’ म्हणाले लगेच. आईचा इतक्या दिवसांचा राग त्या एका वाक्यात गेला. हातोडी तिनेच आणून दिली आणि म्हणाली, मार खिळा, रंग काय, पुन्हा देता येतो.

आता दाराच्या दोन्ही अंगांना फोटो आहेत आणि समोरची भिंत कोरी. आधी लावलेले बारीक बारीक फोटो त्यांना ओळखू येईनात, म्हणून ते काढून टाकले. प्रत्येकातला एकच चेहरा घेतला, मागचं सगळं पांढरं केलं, काळं आणखी काळं केलं, आणि ताटाएवढे छापले. असे त्यांना ओळखू येतात. काल त्या झाडाकडे बघणाऱ्या गृहस्थांना नावाने हाक मारली त्यांनी, कोणता नंबर होता तेही सांगितलं. माझी अशी धांदल चाललीय की ऑफिसात नकाशांना मी चुकून कानापासून सुरुवात करेन.

एक जागा रिकामी ठेवलीय, डावीकडची, सगळ्यात चांगली दिसणारी. पडद्यावरचा तू कॉलेजातला आहेस. आताचा तू कसा दिसतोस हे मलाच माहीत नाही. एक फोटो पाठव, समोरून काढलेला. बाकी काही लिहायला नको.

तुझी थोरली

रविवार, ३१ मार्च

धाकट्या,

पाकीट आलं. नुसता फोटो, चिठ्ठी नाही, मागे अक्षर नाही. बाकी काही लिहायला नको म्हटलं तर अगदी शब्दाला जागलास.

दाढी ठेवलीयस. आईने तो फोटो ब्लाउजच्या आत ठेवला आणि मला छापायलासुद्धा देईना, मग मोबाईलवर त्याचा फोटो काढून काम भागवलं. दाढी माझ्या कामाला मोठी अडचण झाली बघ. काळं आणखी काळं केलं तर हनुवटी नाहीशी होते आणि उजळ केलं तर कपाळ उडून जातं. डोळे वेगळे घेतले, दाढी वेगळी, पुन्हा जोडले. चार वेळा छापला. चौथ्यात तू आलास, जसा आहेस तसा, जरा दमलेला. हे मी वाढवलेलं नाही, हे फोटोतच आहे.

डावीकडच्या जागी लावला आणि काहीच न बोलता आत गेले. दाराआडून बघत होते. बाबा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. इतका वेळ की आई दोनदा येऊन गेली.

मग त्यांनी मला हाक मारली. ‘‘फोटो चांगला छापलायस.’’

‘‘दिसतोय ना?’’

‘‘दिसतोय. दाढी कोणाच्या परवानगीने ठेवली ते फोटोला विचारता येत नाही.’’ मग म्हणाले, ‘‘कागद आण.’’

मला वाटलं सांगतील आणि मी लिहीन. मी पेन घेऊन बसले. त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

‘‘तुम्हाला जड जाईल, बाबा. मी लिहिते ना.’’

‘‘माझी चूक तुझ्या अक्षरात कशाला?’’

मी नकाशाची पट्टी कागदावर आडवी धरली, म्हणजे ओळ खाली घसरू नये. ते पट्टीला पेन टेकवून लिहायचे आणि बघायचे मात्र दाराकडे. एक ओळ झाली की मी पट्टी खाली सरकवायची. त्यांना सकाळपासून जेवणापर्यंत वेळ लागला. मधे एक ओळ दुसरीवर चढली, ती मी नीट करू का विचारलं तर नको म्हणाले. आई शेजारी उभी राहून वाचत होती आणि डोळे पुसत होती, पण एकदाही मधे बोलली नाही, आणि आई मधे बोलली नाही म्हणजे काय ते तुला कळेल.

मी यात काही बदललेलं नाही. कापलं नाही, उजळलं नाही. कागद जसाच्या तसा सोबत जोडतेय. इथून पुढे माझं अक्षर संपलं.

तुझी थोरली

*

बाळा,

भिंगांवरच्या खुणा माझ्या चुकत होत्या. तू घासलेलं एकही भिंग चुकलं नव्हतं. मला ते तेव्हाच माहीत होतं.

दिसत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून तुझे हात वाईट ठरवले. तुझ्यासारखे हात माझेही नव्हते.

कपटा काढ सांगायचं राहिलं.

ये. आलास की माझ्या समोर बस. मी दुसरीकडे तोंड केलं तर उठून जाऊ नको. तेव्हाच तू मला दिसतोस.